दहा गुंठ्यांचा मळा आणि आठ घरांची भाजी

(शेतकरी बंधुभगिनींकरितां अभ्यासाचा धडा)



आपल्या खेड्यापाड्यांतून एक विपरीत गोष्ट नित्य दृष्टीस पडते. पहाटेस भाजीच्या जाळ्यांनीं भरलेला टेंपो वेशीवरून शहराच्या मोठ्या बाजाराकडे जातो. आणि त्याच गांवांतील मजुरीण आठवड्याच्या बाजारांत, त्याच शहराकडून परत आलेला, दोन दिवसांचा कोमेजलेला कोबीचा गड्डा हातांत घेऊन दर विचारिते व पुन्हां खालीं ठेविते. ज्या मातींत भाजी पिकली त्या मातीवर वाढणाऱ्या मुलांच्या ताटांत ती पोंचत नाहीं. सन २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळून आलें. ह्याचीं कारणें पुष्कळ आहेत. परंतु ताटांतील पालेभाजीचा अभाव हें त्यांतील एक आहे, आणि तें दूर करणें आपल्या हातचें आहे.

लहानसा मळा शेजारच्या घरांना भाजी कशी पुरवूं शकतो, आणि तो वर्षानुवर्षें टिकावा म्हणून काय काय सांभाळावें लागतें, ह्याचा विचार ह्या धड्यांत करावयाचा आहे. लिहिणारा चुका करूनच शिकलेला आहे. म्हणून आरंभहि चुकीपासूनच करितों.

पहिल्या वर्षाची चूक

माझ्या घरामागें दहा गुंठे जमीन व एक विहीर आहे. पहिल्या वर्षीं दिवाळीनंतर भाजी इतकी आली कीं, मला भुरळ पडली. मेथी, पालक, मुळा, वांगीं, टोमॅटो ह्यांनीं वाफे भरून गेले. मी आळींतील चौदा घरांना शब्द दिला कीं, दर शनिवारीं प्रत्येक घरीं एक टोपली भाजी पोंचती करीन, आणि बाराहि महिने करीन. त्यांपैकीं सहा घरांनीं आगाऊ पैसेहि दिले.

माघापर्यंत सर्व नीट चाललें. फाल्गुनांत विहिरीचें पाणी उतरलें. चैत्रांत मोटार अर्धा तास चालून कोरडी पडूं लागली, आणि वाफे डोळ्यांदेखत वाळले. शब्द राखावा म्हणून मी तीन शनिवार बाजारांतून भाजी विकत आणून टोपल्या भरल्या, व कोणापाशीं कांहीं बोललों नाहीं. चौथ्या शनिवारीं एका वृद्ध बाईनें टोपलींतील भेंडी मोडून पाहिली आणि ती म्हणाली, "मास्तर, ही भेंडी तुमच्या मळ्यातली न्हाई."

मला उत्तर देतां येईना. उरलेले पैसे मी परत केले. परंतु त्यानंतर लोक रस्त्यांत भेटले तरी मळ्याविषयीं कांहीं विचारीत नसत, हें मला पैशांच्या तोट्यापेक्षां अधिक लागलें. त्या उन्हाळ्यांत मी वही घेऊन बसलों. पाणी आटलें हें खरें. पण तें आटणार हें मला आधींच कळावयास हवें होतें. चूक हिशेबाची होती.

१. आधीं तोंडें मोजावीं

मळा करणाऱ्यानें प्रथम बीं विकत घेऊं नये; प्रथम तोंडें मोजावीं. जागतिक आरोग्य संघटना असें सांगते कीं, प्रौढ मनुष्यानें रोज निदान ४०० ग्रॅम फळें व भाज्या खाव्या. त्यांत बटाटा, रताळें अशीं पिठूळ कंदमुळें धरीत नाहींत. फळांचा भाग वेगळा ठेवून आपण दर माणशीं २५० ग्रॅम भाजी धरूं. पांच माणसांच्या घराला रोज सव्वा किलो, म्हणजे आठवड्याला पावणेनऊ किलो भाजी लागेल. अशा आठ घरांस रोज १० किलो आणि वर्षाला ३,६५० किलो लागेल.

आतां दुसरी बाजू पाहूं. आपल्या देशांत भाजीपाल्याच्या एका पिकाचें सरासरी उत्पन्न हेक्टरीं सुमारें १८ टन धरितात. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग. तेव्हां एका पिकास १,८०० किलो, आणि वर्षांत दोन पिकें साधलीं तर ३,६०० किलो. ह्याचा अर्थ असा कीं, सर्व कांहीं नीट झालें तर दहा गुंठे आठ घरांना जेमतेम पुरतात. मी ज्या चौदा घरांना शब्द दिला होता त्यांना सुमारें ६,४०० किलो भाजी लागली असती. शिवाय दहा गुंठ्यांत पायवाटा, खताचा ढीग व रोपांची जागाहि येते. म्हणून नव्यानें आरंभ करणाऱ्यानें पहिल्या वर्षीं चार-पांच घरेंच घ्यावीं, आणि त्यांत आपलें घर पहिलें मोजावें.

लहान तुकड्याला तुच्छ लेखूं नये. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर ह्यांनीं 'प्रयोग परिवार' ह्या नांवानें महाराष्ट्रांत स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांना एकत्र जोडिलें. पांच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह दहा गुंठ्यांवर चालूं शकतो, असा विचार त्यांनीं मांडिला. त्यांचें म्हणणें असें कीं, जमिनीवर पडणारें ऊन हेंच शेतकऱ्याचें खरें भांडवल होय. जेथें तें हिरव्या पानावर न पडतां उघड्या मातीवर पडतें, तेथें तें फुकट जातें. मळ्यांत फिरतांना हा एकच प्रश्न मनांत ठेवावा: आज कोठें ऊन फुकट जात आहे?

२. पाण्याची वही

एका चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरलें तर तें बरोबर एक लिटर भरतें. हा हिशेब प्रत्येक माळ्यानें पाठ करावा. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत ऊन व वारा ह्यांमुळें पिकाखालच्या जमिनींतून रोज सहा ते आठ मिलिमीटर पाणी उडून जातें. दहा गुंठे म्हणजे सुमारें १,००० चौरस मीटर. तेव्हां सर्व मळा हिरवा ठेवावयाचा तर रोज ६,००० ते ८,००० लिटर पाणी पाहिजे. माझी विहीर त्या दिवसांत दोन-अडीच हजार लिटरांपलीकडे देत नाहीं, हें मी नंतर टांकी भरून मोजलें. म्हणजे उन्हाळ्यांत तीन गुंठे पिकविणें हेंच माझ्या विहिरीचें सामर्थ्य होतें. मी दहा गुंठ्यांचा हट्ट धरिला आणि तीनहि गमाविले.

आतां आम्ही उन्हाळ्यांत तीनच गुंठे राखितों. त्यांत गवार, चवळी व थोडी भेंडी लावितों, ठिबकानें पाणी देतों, आणि वाफ्यांवर वाळलेला पाला, उसाचें पाचट अथवा गवत ह्यांचें चार बोटें जाड आच्छादन घालितों. आच्छादनाखालची माती दुपारींहि थंड राहते व तण थोडें उगवतें. उरलेले सात गुंठे नांगरून तापूं देतों. चैत्र-वैशाखांत टोपली अर्ध्या मापाची असेल हें घरांना कार्तिकांतच सांगून ठेवितों. ती उणीव भरून काढण्यास आपल्या आजीबाईंचें शहाणपण उपयोगी पडतें: पिकलेला तांबडा भोपळा कोरड्या जागीं कित्येक महिने टिकतो, रब्बीचा कांदा हवेशीर चाळींत राहतो, आणि थंडींत वाळविलेली मेथी व गवारीच्या वाळलेल्या शेंगा उन्हाळ्यांत कालवणास येतात.

पावसाचें पाणीहि मोजावें. घराचें छप्पर ५० चौरस मीटर असेल आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर त्या छपरावरून ३०,००० लिटर पाणी वाहून जातें. तें विहिरीजवळच्या शोषखड्ड्यांत सोडलें तर जमिनींत मुरतें. नाहीं तर अंगणांतली माती घेऊन ओढ्यास मिळतें.

३. मातीचें ऋण

भाजी घरोघर जाते तेव्हां तिच्याबरोबर मातीचें सत्त्वहि जातें. तें परत न केलें तर मळा तीन-चार वर्षांत म्हातारा होतो. भाजीपाल्यास हेक्टरीं २० ते २५ टन शेणखत द्यावें असें सांगतात. म्हणजे दहा गुंठ्यांस दोन ते अडीच टन. दोन जनावरांच्या घराला हें जड नाहीं. परंतु पुष्कळ घरीं शेण गोवऱ्यांत जातें, मूत्र वाहून जातें आणि पाला जाळला जातो. मग खताची पिशवी उसनवारीनें आणावी लागते.

ह्या बाबतींत इंदूर शहराचें नांव सर्व जगांत झालें आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं हिंदुस्थानांत आला. पुढें १९२४ ते १९३१ ह्या काळांत त्यानें इंदूर येथील संस्थेंत शेतांतील काडीकचऱ्यापासून खत करण्याची रीत बसविली, आणि यशवंत वाड ह्यांच्या सहकार्यानें तिचें पुस्तक १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. येथील शेतकरी व पिकांवरील किडी हेच आपले गुरु झाले, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. शिकवावयास आलेला मनुष्य शिकून गेला, म्हणून त्याची रीत टिकली.

ती रीत अशी. सावलींत, पाणी न साचणाऱ्या जागीं, वाळलेला काडीकचरा व हिरवा पाला मिसळून सुमारें सहा इंचांचा थर द्यावा. त्यावर शेणाचा पातळ थर, मग गोठ्यांतील मुताची माती व थोडी राख टाकावी, आणि पाणी शिंपडावें. असे थर कमरेइतके चढवावे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. त्याहून अधिक झाली तर ढीग कुजून दुर्गंधि सुटते. दोन-तीन दिवसांत ढीग आंतून तापतो. सुमारें पंधरा दिवसांनीं पहिली पलटी द्यावी, महिन्यानें दुसरी, आणि दोन महिन्यांनीं तिसरी. तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत, मातीचा वास येणारें खत तयार होतें. ज्याच्या घरीं जनावर नाहीं त्यानें शेजाऱ्याचें शेण घेऊन त्याला भाजी द्यावी. ह्या व्यवहारास पैसा लागत नाहीं.

शिवाय पावसाच्या आरंभीं एका भागांत ताग किंवा धैंचा पेरावा आणि फुलावर येतांच मातींत गाडावा. हीं शेंगवर्गीय पिकें आपल्या मुळांवरील गांठींतून हवेंतला नत्र धरून आणितात, व गाडल्यावर तो मातीस देतात.

४. वाफे आणि पिकांची पाळी

वाफा तीन ते साडेतीन फूट रुंद करावा, म्हणजे दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचतो. वाफ्यांत पाय ठेवूं नये. तुडविलेल्या मातींत हवा राहत नाहीं आणि मुळें गुदमरतात. मुलांना व पाहुण्यांनाहि हा नियम सांगावा.

मळ्याचे चार भाग करावे. पहिल्यांत वांगें, टोमॅटो व मिरची. हीं तिन्ही एका कुळांतलीं आहेत. दुसऱ्यांत काकडी, दोडका, कारलें, दुध्या असे वेल मांडवावर चढवावे. तिसऱ्यांत चवळी, घेवडा, वाल, आणि थंडींत वाटाणा. चौथ्यांत मेथी, पालक, शेपू, राजगिरा ह्या पालेभाज्या आणि मुळा, गाजर, नवलकोल, कोबी. पुढल्या हंगामांत प्रत्येक गटानें आपली जागा बदलावी, आणि शेंगवर्गीयांच्या जागीं वांगी-टोमॅटोचा गट येईल असा क्रम धरावा. एकाच जागीं वारंवार वांगें लाविलें तर त्याच्या मुळांचे रोग व किडी मातींत घर करून राहतात. कूळ बदललें म्हणजे त्यांची उपासमार होते.

ज्याला दर आठवड्यास टोपली भरावयाची आहे त्यानें सर्व वाफे एका दिवशीं पेरूं नयेत. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढणीस येते. चार वाफे एकदम पेरले तर एका आठवड्यांत मेथी फुकट वांटावी लागते आणि पुढें महिनाभर मेथीचें पान दिसत नाहीं. दर दहा-बारा दिवसांनीं एक वाफा पेरावा.

बांधावर शेवगा, कढीलिंब, हादगा, लिंबू व पपई लावावीं; मोरीच्या सांडपाण्यावर अळू व केळ लावावीं. हीं झाडें पुष्कळशीं आपली आपण वाढतात, आणि भाजी तुटपुंजी असते त्या दिवसांत टोपलीची लाज राखितात.

५. किडीशीं व्यवहार

सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर विषारी औषधें फवारितांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर मृत्यु पावले, आणि शेंकडों रुग्णालयांत गेले. कपाशी कोणी खात नाहीं. भाजी तर तोडल्याबरोबर चुलीवर जाते. मोनोक्रोटोफॉस हें औषध भाजीपाल्यावर वापरण्यास सरकारनें २००५ सालींच बंदी केली. ज्या माळ्याचे ग्राहक त्याचे शेजारी आहेत त्याला कायद्याच्याहि पुढें पाहावें लागतें. कारण कोणाचें मूल ती काकडी न धुतां खाणार आहे हें त्याला नांवानिशीं ठाऊक असतें.

किडीस आरंभींच ओळखावें. टोमॅटोच्या दर सोळा ओळींस झेंडूची एक ओळ लावावी; फळें पोंखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांकडे ओढला जातो. त्यासाठीं लावणीच्या वेळीं झेंडूचें रोप सुमारें ४५ दिवसांचें व टोमॅटोचें २५ दिवसांचें असावें, म्हणजे दोन्ही एकाच वेळीं फुलावर येतात. कोबीच्या कडेनें मोहरी पेरावी. वांग्याचा शेंडा मान टाकूं लागला तर त्यांत अळी शिरली असें समजून तो शेंडा खुडून नष्ट करावा. दर दोन दिवसांनीं हें काम केलें तर पुष्कळ फळें वांचतात. भेंडीचीं पानें पिवळ्या शिरांचीं दिसलीं तर त्या रोगास औषध नाहीं. पांढरी माशी तो पसरविते, म्हणून असें झाड तत्काळ उपटावें.

एवढ्यानेंहि न भागलें तर निंबोळीचा अर्क करावा. दहा लिटर पाण्यास अर्धा किलो निंबोळीच्या आंतील मगजाची भुकटी घेऊन ती थोड्या पाण्यांत रात्रभर भिजवावी, सकाळीं फडक्यांतून गाळावी, थोडा साबण मिसळून पाणी पुरें करावें आणि ऊन उतरल्यावर फवारावें. निंबोळ्या आषाढांत झाडाखालीं पडतात. त्या तेव्हांच गोळा करून सावलींत वाळवाव्या. हें मुलांचें काम आहे, आणि त्यांना त्याचा मोबदला द्यावा.

६. बीं कोणाचें?

संकरित बियाण्यानें पीक जोमदार येतें, हें नाकारूं नये. परंतु त्याचें धरलेलें बीं पुढल्या वर्षीं आईबापांसारखें उतरत नाहीं. म्हणून तें दर वर्षीं विकत घ्यावें लागतें. मळा स्वतःच्या पायांवर उभा राहावयाचा तर निदान निम्मीं बियाणीं गांवठी व घरचीं असावीं. चवळी, घेवडा, वाल व टोमॅटो ह्यांचें बीं धरणें सोपें आहे, कारण त्यांच्या फुलांत परागांची सरमिसळ थोडी होते. काकडी-भोपळ्यांच्या जातींत मधमाशा सरमिसळ करितात. तेथें एका वेळीं एकच जात लावावी.

पुष्कळ जण उत्तम फळें विकून शेवटचीं किडकीं फळें बियांस ठेवितात. असें करूं नये. मळ्यांतील सर्वांत निरोगी झाडास हंगामाच्या आरंभींच चिंधी बांधावी, व त्यावरील फळाला कोणी हात लावूं नये. टोमॅटोचा गर दोन दिवस भांड्यांत आंबूं द्यावा, मग बीं धुऊन सावलींत वाळवावें. कोरडें बीं राखेंत मिसळून मडक्यांत किंवा बरणींत ठेवावें, आणि वर जातीचें नांव व वर्ष लिहावें.

अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे ह्या शाळेंत गेलेल्या नाहींत. त्यांनीं घरोघरचें गांवठी बीं जमवून, राखून व वांटून एवढें मोठें कार्य केलें कीं, लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात, आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या गांवांतहि कोण्या आजीच्या उतरंडींत अशीं बियाणीं असतील. ती आजी आहे तोंवर विचारून घ्यावें.

७. टोपलीचा करार

भाजी पिकविणें हें निम्मेंच काम आहे. तोडलेली भाजी संध्याकाळच्या आंत कोणाच्या तरी घरीं पोंचली पाहिजे. बाजारांत नेली तर दर दुसरा ठरवितो. म्हणून शेतकरी व खाणारा ह्यांनीं आधींच करार करावा, ही कल्पना अनेक देशांत रुजली आहे. जपानांत १९७१ सालीं सेंद्रिय शेतीची एक संघटना स्थापन झाली. तिच्या आश्रयानें 'तेइकेइ' नांवाची रीत वाढली, आणि १९७८ मध्यें तिचीं दहा तत्त्वें ठरलीं. शेतकऱ्यानें जें पिकविलें तें सर्व घरांनीं स्वीकारावें, आणि दर दोघांच्या हिताचा व संमतीचा असावा, हीं त्यांतील प्रमुख होत. अमेरिकेंत १९८६ सालीं अशाच प्रकारचे दोन मळे निघाले. तेथें गांवकरी हंगामाच्या आरंभीं पैसे भरून पिकाचे वांटेकरी होतात.

पहिल्या वर्षाच्या फजितीनंतर आम्हीं आपल्या गांवापुरते पांच नियम केले. ते असे:

एक, करार वर्षाचा नसून एका हंगामाचा, म्हणजे चार महिन्यांचा असावा. दोन, टोपलींत कोणती भाजी येईल हें मळा ठरवील. मात्र एक पालेभाजी, एक फळभाजी व एक शेंगभाजी देण्याचा प्रयत्न असावा. तीन, बाहेरची भाजी टोपलींत घालूं नये. घालावीच लागली तर तसें तोंडानें सांगून घालावी. चार, गारपीट, रोग किंवा पाणीटंचाई झाली तर सर्वांच्या टोपल्या सारख्याच कमी व्हाव्या, आणि माळ्याच्या घरची टोपलीहि तितकीच कमी व्हावी. पांच, जमाखर्चाची वही कोणालाहि मागतां क्षणीं दाखवावी.

वहीचा नमुना सांगतों. समजा, टोपलीस आठवड्याला २५० रुपये ठरले. आठ घरांचे २,००० रुपये, व सतरा आठवड्यांच्या हंगामाचे ३४,००० रुपये झाले. हा नफा नव्हे. ह्यांतून बीं, वीज, ठिबकाची दुरुस्ती, मांडवाचे बांबू आणि मजुरी वजा करावयाची आहे. येथें एक गोष्ट आग्रहानें सांगतों: घरच्या स्त्रीनें खुरपणी, तोडणी व जुड्या बांधणें ह्यांत घातलेले तास मजुरीच्या दरानें वहींत लिहावे. तिचे श्रम शून्य धरून जो मळा नफा दाखवितो, तो खरोखर तोट्यांत आहे. आणि ती थकली कीं तो बंद पडतो.

८. ज्यांच्यापाशीं पैसा नाहीं

अडीचशें रुपये आठवड्याला देणें प्रत्येक घरास शक्य नाहीं; आणि ज्यांस तें शक्य नाहीं त्यांच्याच मुलांना भाजीची गरज अधिक असते. म्हणून आम्ही आठांपैकीं दोन टोपल्या पैशांवांचून देतों. एक घर आठवड्यास चार तास खुरपणी करितें. दुसरें शेण देतें. हें दान नव्हे, हें सर्वांना ठाऊक असावें, म्हणजे घेणाऱ्याची मान खालीं जात नाहीं. तथापि एखाद्या घरीं आजारपण आलें तर त्या महिन्याचे तास कोणी मोजूं नयेत.

ज्यांना टोपली परवडत नाहीं त्यांना पावसाळ्याच्या आरंभीं शेवग्याची फांदी, अळूचे कांदे, दुध्याचें व वालाचें बीं द्यावें. मोरीच्या पाण्यावर व छपरावर एवढीं पिकें सहज होतात. शाळेंत मुलांना दुपारचें भोजन मिळतें. तेथील परसबागेस रोपें पुरविणें हेंहि मळ्याचें काम समजावें.

शिजविण्याविषयींहि दोन शब्द. पालेभाजी चिरण्यापूर्वीं धुवावी, चिरल्यावर धुऊं नये. जेवतांना तीवर लिंबू पिळावें. लिंबाच्या योगानें भाजींतील लोह अंगीं अधिक लागतें. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट परिणाम होतो. तेव्हां चहा तासभर मागें ठेवावा.

समारोप

तिसऱ्या वर्षीं मार्गशीर्षांत अवकाळी पाऊस झाला. रात्रीं वारा सुटला आणि टोमॅटोच्या बांबूंसकट चार ओळी आडव्या झाल्या. उजाडतां मी मळ्यांत गेलों, तों पांच घरचीं माणसें सुतळी व कोयते घेऊन आधींच आलेलीं होतीं. कोणीं त्यांना बोलाविलें नव्हतें. दुपारपर्यंत दोन ओळी उभ्या राहिल्या; दोन गेल्या. त्या शनिवारीं टोपल्या लहान झाल्या, व माझ्या घरचीहि लहान झाली. ती वृद्ध बाई टोपली घ्यावयास आली. तिनें एक तडकलेला टोमॅटो उचलला, फिरवून पाहिला आणि पदरांत ठेविला. "ह्यो मातुर मळ्यातला हाय," एवढेंच ती म्हणाली.

मळा टिकतो तो पाणी, खत व बीं ह्यांनीं. पण त्याच्या भोंवतीं आठ घरें उभीं राहतात तीं खऱ्या हिशेबानें. जितकें पाणी तितकाच मळा, आणि जितका मळा तितकाच शब्द, हें ज्यानें जाणलें त्यानें ह्या पावसाळ्यांत खुशाल आरंभ करावा.

विचार करण्यास प्रश्न

१. आपल्या विहिरीस किंवा नळास मे महिन्यांत रोज किती लिटर पाणी असतें? त्यावर किती गुंठे भाजी टिकेल?

२. आपल्या घरांत गेल्या आठवड्यांत किती दिवस पालेभाजी झाली? ती कोठून आली?

३. आपल्या घरचें शेण, राख व पाला ह्यांपैकीं काय काय वाया जातें?

४. गांवांत गांवठी बियाणीं कोणापाशीं आहेत? त्यांचीं नांवें लिहून काढा.

५. आगाऊ पैसे घेतल्यावर पीक बुडालें, तर माळ्यानें काय करावें आणि घरांनीं काय करावें? दोन्ही बाजूंनीं विचार करा.